दोन हजारांच्या आतली शांतता

सकाळी ८

मे महिना हा आमच्या धंद्यात पंख्यांचा महिना. डोंबिवलीत घरोघरी असेंबल्ड कॉम्प्युटर आहेत. त्यांतले बरेच माझ्या हातून जोडलेले, नाहीतर कधी ना कधी उघडलेले. थंडीत कुणाची तक्रार नसते. खोली ३३-३४ अंशांवर गेली की तेच कॉम्प्युटर आवाज करायला लागतात. कूलर कितीही भारी असो, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो, आणि मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो.

चहा होईपर्यंत फोनवर निरोप साचलेले असतात. मी सगळ्यांना एकच सांगतो, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. अर्धं निदान तिथेच होतं. घरघर आणि मधूनच खर्र ऐकू आलं तर बेअरिंग गेलंय. एकसुरी सूंऽऽ असेल तर पंखा धडधाकट आहे, पण जीव तोडून फिरतोय. म्हणजे धूळ, वाळलेली पेस्ट किंवा अपुरा कूलर. टकटकटक असेल तर एखादी वायर पात्याला घासतेय. आणि दर अर्ध्या मिनिटाने चढणारा-उतरणारा आवाज असेल तर पंख्याचा काही दोष नाही, बायोसमधली सेटिंग बदलायला हवी. ही शेवटची तक्रार माणसाला सगळ्यात जास्त छळते. एकसारख्या आवाजाला कान सरावतात, चढउताराला सरावत नाहीत.

आजची पहिली क्लिप एका निवृत्त शिक्षिकांची. दृष्टिहीन मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. सूंऽऽ आहेच, त्याखाली बारीक खरखरही आहे. त्यांचं काम आज सगळ्यांच्या आधी.

सकाळी ९:३०

गाळ्याचं शटर वर करतोय तोवर बाई रिक्षातून उतरल्या. कॅबिनेट मांडीवर धरून आणलं होतं.

“अरे, आधी फोन करणार होते, पण म्हटलं आणूनच दाखवावं. मुलं हेडफोन लावून ऐकतात रे. माझा आवाज सुरू व्हायच्या आधी त्यांना याचा आवाज ऐकू येतो.”

“बाई, आधी उघडून बघू. नवीन घ्यायलाच लागेल असं नाही.”

“लागलं तर घे. पण पेन्शनीत बसेल असं बघ.”

बाजूचा पत्रा काढला. आत इंटेलचा आय ५-१२४००, २०२२ मध्ये बाजारात आलेला, आणि त्यावर पेटीतून फुकट येतो तोच गोल कूलर. वन रूम किचनमधल्या कॅबिनेटची धूळ मला हात लावताच ओळखू येते. फोडणीची वाफ आणि उदबत्तीचा धूर तिच्यात मुरलेला असतो, त्यामुळे ती उडत नाही, चिकटते. हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी या करड्या, तेलकट थराने निम्म्या बुजल्या होत्या. पंखा हवा ढकलतोय, पण हवेला आत शिरायला जागाच नाही.

ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, हे मी हाताखालच्या पोराला रोज बजावतो. नाहीतर झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. मग कूलर काढला. पेस्ट वाळून तिची खपली झाली होती. प्रोसेसर आणि कूलर दोन्ही दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात. त्यांत हवा असते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. पेस्टचं काम या फटी भरण्यापुरतंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही अंगं पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट टाकली, कूलर परत बसवला.

फरक चांगलाच पडला. नुसतं सुरू असताना पंखा आधी १९०० फेऱ्यांवर होता, तो १३०० वर आला. माझी बरीच गिऱ्हाइकं इथूनच खूश होऊन घरी जातात, आणि जावीत. पण बाईंना पुरेल इतकं हे नव्हतं. वेग उतरला तशी खालची खरखर आणखी स्पष्ट झाली. बेअरिंग झिजलं होतं. शिवाय रेकॉर्डिंगमधला गोंगाट काढायची प्रक्रिया सुरू केली की पंखा दोन हजारांच्या पुढे पळत होता.

“बाई, दोन हजारांच्या आत कूलर येईल, मजुरी वेगळी. संध्याकाळी घरी आणून बसवून देतो.”

“पावती दे हं,” असं म्हणून बाई गेल्या.

सकाळी ११

कॉलेजातला एक मुलगा आला. रायझन ५ ५६००, सोबत पेटीतलाच छोटा कूलर, आणि मागणी लिक्विड कूलरची, तीही रंगीत दिव्यांसकट. “गेम खेळताना विमानासारखा आवाज येतो, दादा.”

मी विचारलं, कॅबिनेट ठेवलाय कुठे? कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात. दार आहे? आहे, लावलेलं असतं.

हे टेबल आपल्याकडे फार घरांत आहे. त्या बंद खणात कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत बसतो. तिथे पाच हजारांचा कूलर लावला तरी तीच गरम हवा त्याच्या वाट्याला येणार. शिवाय लिक्विड कूलर म्हणजे पंखे गेले असं नाही. रेडिएटरवर पंखे असतातच, वर पाणी फिरवणारा पंप असतो, म्हणजे फिरणारी आणखी एक वस्तू, तिचा आणखी एक आवाज. मोठ्या प्रोसेसरला, सलग तासन्‌तास पूर्ण भार असेल तर, त्याचा उपयोग आहे. या मुलाच्या प्रोसेसरची मर्यादा पेटीवर ६५ वॅट आणि प्रत्यक्षात ७६ वॅट. त्याला लिक्विड विकणं मला पटत नाही.

कूलर साफ केला, बायोसमध्ये पंखा जरा उशिराने वेग घेईल असं केलं, आणि दार काढून टाकायला सांगितलं. तो थोडा हिरमुसला. आठवडाभर वापरून बघ, तरी आवाज आला तर ये, मग मोठ्या पंख्याचा उभा टॉवर कूलर लावू, असं सांगून पाठवलं.

दुपारी १२:३०

डोंबिवलीहून फास्ट, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. डोंबिवलीतही कूलर मिळतात, पण मला हातात घेऊन बघायचा असतो, आणि निवड करायची तर लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी सगळ्या मुंबईच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच.

दुपारी २

दुकानदार ओळखीचे आहेत. त्यांनी काउंटरवर चार पेट्या मांडल्या. प्रत्येक पेटीवर दोन आकडे ठसठशीत छापलेले असतात, किती वॅट उष्णता झेपते आणि किती डेसिबल आवाज होतो. मी या दोन्ही आकड्यांकडे बघतच नाही. वॅटचा आकडा काढायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक पद्धत नाही. डेसिबलचा आकडा किती अंतरावरून, कसल्या खोलीत मोजला ते पेटीवर लिहिलेलं नसतं. दोन कंपन्यांच्या पेट्या शेजारी ठेवून या आकड्यांची तुलना करणाऱ्याची फसगत होते.

मी बघतो तो पंख्याचा आकार. पेटीतल्या कूलरचा पंखा साधारण नऊ सेंटिमीटरचा, टॉवरचा बारा. पात्यांखालचं क्षेत्र जवळपास पावणेदोन पट. तेवढीच हवा फेकायला मोठ्या पंख्याला खूप कमी फेऱ्या पुरतात, आणि आवाजाचं गणित फेऱ्यांवर फार कडक आहे: फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला दहा डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, मग पंधरा म्हणजे किती ते बघा. घरातला छताचा पंखा दोनवर ठेवला तरी वारा लागतो आणि झोप मोडत नाही, टेबलफॅन पूर्ण वेगात ठेवला की बोलणं ऐकू येत नाही, तसंच हे. कूलर शांत असतो तो पंख्यावर छापलेल्या आकड्यामुळे नाही. किती हळू फिरून भागतं, त्यावर त्याची शांतता ठरते.

हळू फिरून भागायचं तर उष्णता पात्यांपर्यंत झटपट पोचली पाहिजे. ते काम तांब्याच्या नळ्या करतात. आतली हवा काढून, थोडंसं पाणी ठेवून ही नळी दोन्ही टोकांना बंद केलेली असते. दाब खूप कमी असल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. वाफ वरच्या पात्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली झिरपते. ना पंप, ना वीज, ना आवाज. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी बनवून दाखवली. तीच वस्तू आज डोंबिवलीतल्या एका शिक्षिकेच्या पेन्शनीत बसते, याचा मला दर वेळी आनंद होतो.

चार नळ्या आणि बारा सेंटिमीटरचा एक पंखा, एवढं ६५ वॅटच्या प्रोसेसरला भरपूर झालं. डीपकूलचा एजी ४००, थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० याच जातीचे; दीड ते दोन हजारांच्या आसपास मिळतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे तपकिरी पंखे उत्तम असतात, सहा वर्षांची वॉरंटी असते, पण किंमत तिप्पट-चौपट. ज्याला रोज आठ तास ध्वनिमुद्रणाचा धंदा करायचा आहे त्याने जरूर घ्यावा. घरच्या कॉम्प्युटरसाठी तेवढे पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

मग खिशातला टेप बाहेर काढला. सकाळी बाईंच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या वरच्या अंगापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत मोजलं होतं, १५५ मिलिमीटर. टॉवर कूलर कुठे १४८, कुठे १५०, कुठे १५९ मिलिमीटर उंच असतो. हे वरचे चार मिलिमीटर घरी गेल्यावर कळले तर पत्रा लागत नाही, आणि उघडलेली पेटी दुकानदार परत घेत नाही.

दुसरी अडचण पायांची. इंटेलच्या एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटला भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० ला ते ७८ झालं. तीन मिलिमीटरचा फरक, पण जुना कूलर नव्या बोर्डावर बसत नाही. गोदामातला जुना माल स्वस्तात गळ्यात मारला जातो तो इथेच. पेटीवर १७०० हा आकडा छापलेला आहे की नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. एएमडीवाल्यांना या बाबतीत सुख आहे. एएम ४ बोर्डाची मूळ मागची प्लेट वापरणारा कूलर एएम ५ वरही बसतो. स्वतःची वेगळी प्लेट मागणारा मात्र बसत नाही.

तिसरी गोष्ट, प्लॅस्टिकच्या खुंट्या दाबून बसणारा टॉवर मी घेत नाही. उभ्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या किलोच्या आसपासचं वजन आडवं लटकत असतं. वर्षा-दोन वर्षांत एखादी खुंटी सैल पडते आणि एका बाजूने पेस्ट सुटते. मागे प्लेट आणि स्क्रू हवेत. आणि पंखा तारेच्या क्लिपांनी अडकवलेला हवा, म्हणजे तो खराब झाला तर चार-पाचशे रुपयांचा दुसरा १२० मिलिमीटरचा पंखा लावून कूलर आणखी कित्येक वर्षं चालतो. नळ्यांना आणि पात्यांना काही होत नाही.

पंख्याची पिन चारची बघितली. चौथ्या वायरीतून मदरबोर्ड वेग सांगतो. तीन पिनचा पंखाही चालतो, पण त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवता येतो आणि फार खाली आणला तर तो थांबू शकतो. १५० मिलिमीटर उंचीचा टॉवर घेतला. घासाघीस करून अठराशेला पडला.

दुपारी ४:३०

गाळ्यात परत. बसवायचं काम मी पोराकडे देतो आणि शेजारी उभा राहतो.

मागची प्लेट, चार खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या. कूलरच्या तळाला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो आधी काढायचा. तो तसाच ठेवून बसवलेले कूलर माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि मालकाला वाटत असतं प्रोसेसर जळाला. पेस्ट मधोमध. मग स्क्रू एक इकडचा, एक समोरचा, थोडाथोडा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर तळ तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला पळते. पंखा असा अडकवायचा की हवा कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे जाईल. वायर ‘सीपीयू फॅन’ असं लिहिलेल्या जागीच लावायची, नाहीतर बोर्ड सुरू होताना पंखा नाही म्हणून अडून बसतो.

एक गोष्ट बोलायची राहून जाते. गोल कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे आजूबाजूच्या वीजपुरवठ्याच्या भागालाही वारा लागतो. टॉवर हवा आडवी फेकतो. म्हणून बाईंच्या कॅबिनेटला मागे पंखा आहे याची मी आधी खात्री केली होती. नसता तर पैसे त्यावर घालावे लागले असते.

आता खरं काम, बायोस. कुणाच्या बोर्डावर याला क्यू-फॅन म्हणतात, कुणाच्या स्मार्ट फॅन. कारखान्यातून आलेली मांडणी घाबरट असते. प्रोसेसर क्षणभर ५५ अंशांवर गेला की पंखा पळत सुटतो. आय ५-१२४०० ची मर्यादा १०० अंशांची आहे, ५५ ला पळायचं काही कारण नाही. ६० अंशांपर्यंत पंखा ३० टक्क्यांवर स्थिर ठेवला, ७५ ला ५५ टक्के, ९० ला पूर्ण. आणि वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबायला सांगितलं, म्हणजे ब्राउझर उघडला म्हणून लगेच आवाज चढणार नाही. चढउतार गेला तो इथे, कूलरमुळे नाही. ही सेटिंग फुकट आहे आणि जवळजवळ प्रत्येक बोर्डावर आहे. हजारो रुपयांचे कूलर लावून ही सेटिंग न बघणारे दुकानदार आहेत, त्याचं मला वाईट वाटतं.

खोली ३३ अंश. पूर्ण भार टाकून वीस मिनिटं चालवलं. प्रोसेसर सत्तरच्या आत राहिला, पंखा हजाराच्या जरा वर. भार काढल्यावर सहाशेच्या घरात. पोराने कान लावला आणि विचारलं, “दादा, फिरतोय ना?” फिरत होता.

संध्याकाळी ७

बाईंच्या घरी. कॅबिनेट पूर्वी टेबलावर, माइकच्या शेजारीच ठेवलेला असायचा. तो तिथे पुन्हा ठेवू दिला नाही. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. छोट्या खोलीत भिंतींमुळे तेवढा नाही, पण उतरतो. माइक एका बाजूने ऐकणारा आहे, म्हणून त्याची पाठ कॅबिनेटकडे येईल असं टेबल वळवलं आणि कॅबिनेट खाली, पलीकडच्या अंगाला, जमिनीपासून थोडा उंच पाटावर ठेवला. जमिनीलगत धूळ जास्त ओढली जाते.

मग न बोलता दहा सेकंदं रेकॉर्ड केली. सकाळच्या त्यांच्या फायलीत गोंगाट उणे ४५ डेसिबलच्या आसपास होता. ध्वनिपुस्तकांच्या व्यवसायात तो उणे ६० च्या खाली हवा असं धरतात. पहिल्या वेळी उणे ५७ आला. बाईंनी छताचा पंखा बंद केला, पुन्हा रेकॉर्ड केलं, उणे ६२.

बाईंनी सातवीच्या इतिहासाचं एक पान वाचलं, हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “मधल्या जागा रिकाम्या आहेत रे आता. मुलांना परिच्छेद संपलेला कळेल.” हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला परिच्छेद दिसतो, कानांनी वाचणाऱ्याला तो शांततेतूनच समजतो.

कूलर १८००, मजुरी ३००. पावती दिली.

रात्री ९:३०

जेवण झाल्यावर फोन सुरू होतात. नाशिकच्या एका ओळखीच्यांना रायझनवरचा जुना कूलर काढायचा होता. त्यांना सांगितलं, थंड मशीनवर ओढू नका. आधी दहा मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट नरम होईल, बंद करून प्लग काढा, मग कूलर किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम ४ च्या प्रोसेसरला पिना खाली असतात. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात.

दुसऱ्या एकाला नवीन मशीन घ्यायचं आहे, कूलर वेगळा घेऊ का, असं त्याने विचारलं. लगेच घेऊ नका. पेटीतला महिनाभर वापरा, बायोस नीट करून घ्या. तेवढ्यानेही आवाज सलत असेल तर टॉवर घ्या, आणि दुकानात जाताना कॅबिनेटमधलं माप आणि सॉकेटचा नंबर लिहून न्या.

वाचणाऱ्यांना एक विनंती. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला घरातले सगळे पंखे पुसले जातात. त्याच दिवशी कॅबिनेटचा पत्राही उघडा. प्लग काढा, पातं बोटाने धरा, आणि मऊ ब्रशने पात्यांमधली धूळ काढून टाका.